बेबीच्या हेवी मेटलची तपासणी

ख्रिस्ती माणसानं हेवी मेटल ऐकावं की नाही, या प्रश्नावर माझं स्वतःचं असं काही मत नव्हतं, आणि ते नसल्यामुळे माझं बरं चाललं होतं. मत नसणं प्रकृतीला फार मानवतं. पण आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीचा मी चिटणीस आहे, आणि चिटणिसाला मत नसलं तरी वही असते. त्या वहीत एका रविवारी, उपासना संपल्यावर, मला विषय क्रमांक चार म्हणून लिहावं लागलं : 'ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीने सैतानी संगीत ऐकण्याबाबत.' ऑर्गन वाजवणारी मुलगी म्हणजे आमची बेबी. एकुलती एक, वय वर्षं एकोणीस. पोटच्या पोरीविरुद्धची तक्रार मी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि सवयीनं खाली पट्टी धरून रेघही मारली.

तक्रारदार होते आमचे अध्यक्ष. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे आणि सगळे त्यांना घड्याळजीच म्हणतात. चर्चच्या मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी द्यायला ते गेले, तर बेबी पायरीवर कानाला हेडफोन लावून बसलेली. "कोणतं गीत ऐकतेस, बाळा?" असं म्हणून त्यांनी मायेनं ते हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आत कोणीतरी कोणालातरी जिवंत सोलत होतं. ते तिथंच पायरीवर बसले आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी बेबीनंच दिलं, पण हा मुद्दा तक्रारीत आला नाही.

"जी बोटं असलं ऐकताना ताल धरतात, ती रविवारी देवाच्या ऑर्गनवर पडणार?" घड्याळजी म्हणाले. "मी ठराव मांडतो. तिला ऑर्गनवरून उठवा."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी वजनमापे निरीक्षक आहे. सव्वीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरतो आहे. तक्रार आली म्हणून मी आजवर कोणाचा तराजू उचलून आणलेला नाही. आधी तपासणी, मग कारवाई. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तपासल्याशिवाय निर्णय होऊ नये."

"अगदी बरोबर," घड्याळजी म्हणाले. "मग तुम्हीच तपासा. येत्या शनिवारी अकरा वाजता अहवाल घेऊन या."

हेही मीच वहीत लिहिलं.

घरी बेबीला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती आदळआपट करील. तिनं काहीच केलं नाही. "मला ऑर्गन सोडायचा नाहीये, बाबा," एवढंच म्हणाली आणि हात मांडीखाली घेऊन बसली. बारा वर्षांची असल्यापासून दर बुधवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये एकटी बसून ती सराव करते. तिला तिथं बसवलं मीच. आमच्या कार्यालयात बाकीच्यांच्या मुलांचे मार्क चालू झाले की मी हळूच तिचा ऑर्गन पुढे सरकवायचो. तो गेला तर तिचं काय होईल हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माझं काय होईल हेही दिसत होतं.

तिनं तपासणीसाठी मला एक अल्बम दिला. नऊ गाणी, सत्तेचाळीस मिनिटं. मी पद्धतशीर माणूस आहे. तक्ता आखला : गाणे क्रमांक, वेळ, आवाज, नाडीचे ठोके, आणि शेवटी 'आत्म्यावर परिणाम'. मंगळवारी संध्याकाळी स्पीकर लावला, मनगट धरलं आणि सुरुवात केली. पहिल्या गाण्यात नाडी ब्याण्णव झाली. दुसऱ्यात काचेच्या कपाटाची एक झडप आपोआप उघडली आणि सहापैकी दोन पेले खाली आले. तिसरं गाणं सुरू व्हायच्या आत आमच्या सौभाग्यवती दारात आल्या.

"तुमच्या आत्म्याचं काय व्हायचं ते होऊ दे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात हे चालणार नाही."

मागोमाग खालच्या मजल्यावरचे विमावाले आले. हे गृहस्थ लोकांचा विमा उतरवतात आणि उरलेल्या वेळात सल्ला देतात. "सरळ ऐकून काय कळणार?" ते म्हणाले. "खरा मजकूर उलटा वाजवल्यावर निघतो. आणि शेजारी एक कुंडी ठेवा. झाडाला आधी कळतं. मी माझी देतो, पण मोकळी जागा हवी. चर्चच का नाही घेत? तिथं काही वावगं असलं तर लगेच उघडं पडेल."

हे मला पटलं, इथंच माझं चुकलं.

चर्च मागायला छापील अर्ज असतो. त्यात प्रयोजन विचारतात आणि चारच पर्याय आहेत : विवाह, प्रार्थनासभा, दफनविधी, इतर. मी 'इतर'वर खूण करून 'श्रवण' असं लिहिलं. अर्ज आमच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, द्यायचा असतो; त्यांनी चष्मा वर केला. 'इतर'ला अध्यक्षांची सही लागते, आणि अध्यक्ष या प्रकरणात तक्रारदार, तेव्हा त्यांची चालत नाही. उपाध्यक्षांची चालते, पण ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पडून होते, आणि न बघता सही केली तर ती धरायची का, याबद्दल नियमात काही नाही. विवाहाला दोन माणसं लागतात. प्रार्थनासभा म्हणायला पाळकसाहेबांचं मन धजेना. शेवटी त्यांनी स्वतःच सुचवलं, "दफनविधी टाका. त्याला तीन दिवस चर्च मिळतं आणि कोणी काही विचारत नाही."

दफनविधीच्या रकान्यात मृताचं नाव लागतं. तो रिकामा ठेवला तर अर्ज बाद होतो. नंतर खोडता येईल म्हणून मी पेन्सिलीनं माझंच नाव लिहिलं. पाळकसाहेबांनी त्यावर शिक्का मारला. शिक्का पक्क्या शाईचा होता आणि नेमका नावावर बसला. किल्ली हातात घेताना मला जरा कसंसंच झालं, पण ते मी तक्त्यात कुठं लिहू शकत नव्हतो.

बुधवारी बेबीचा सराव बंद ठेवून दुपारी तीन वाजता मी चर्च उघडलं. रविवारी माणसांनी भरलेलं चर्च आणि मधल्या वारचं चर्च या दोन वेगळ्या जागा आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं, पण ते वरच्या वर थांबत होतं, खाली बाकांपर्यंत पोचत नव्हतं. डावीकडे अकरा, उजवीकडे अकरा बाक. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात क्रमांक. माझ्या बुटांचा आवाज माझ्यामागून अर्धं पाऊल उशिरा येत होता, म्हणून मी चवड्यांवर चालू लागलो. त्यानं काही फरक पडला नाही. मी घाईघाईनं ऑर्गनशेजारी स्पीकर ठेवला आणि लागलीच चालू केला.

गाण्यांबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्यांदा नुसता कोलाहल होता. दुसऱ्या फेरीत चाल कळली. तिसऱ्या फेरीला चौथ्या गाण्याचे शब्द कळले, आणि त्यात भलतंसलतं काही नव्हतं. एक माणूस खोल खड्ड्यात पडलाय आणि वरती कोणी आहे का म्हणून ओरडतोय. आता आमच्या स्तोत्रांतही कमी आरडाओरडा नाही, फक्त आम्ही तो सावकाश आणि बसून म्हणतो. 'आत्म्यावर परिणाम' या रकान्यात मी लिहिलं, 'अद्याप नाही. पाय किंचित हलला.'

मग मी स्पीकर बंद केला. आणि गुणगुण ऐकू आली.

काम करता करता माणूस तोंड मिटून गुणगुणतो, तशी. बाईची की पुरुषाची सांगता येत नव्हतं. चाल ओळखीची वाटायची आणि ओळखायला गेलं की वळायची. स्पीकरमधून ती येत नव्हती, कारण मी त्याची वायर उपटून हातात धरली होती. ती मागून येत होती, डावीकडच्या शेवटच्या बाकावरून. तिथं कोणी नव्हतं. मला खरी भीती वाटली ती गुणगुणण्याची नाही. मध्येच ती थांबायची, श्वास घेतल्याचा आवाज यायचा, आणि पुन्हा सुरू व्हायची.

सरकारी नोकरीत माणसाला एक शिस्त लागते. मी घड्याळ पाहिलं आणि नोंद केली : 'कालावधी चाळीस सेकंद. स्थान : बाक क्र. ११.' मग मी शांतपणे बाहेर पडलो. शांतपणे म्हणजे ओरडलो नाही. डावा बूट दारात राहिला, तो दुसऱ्या दिवशी मिळाला.

गुरुवारी विमावाले कुंडी घेऊन बरोबर आले, म्हणून मला धीर होता. गाणी पूर्ण वाजवली. रोप ताठ होतं. मी स्पीकर बंद केला. थोड्या वेळानं विमावाल्यांची मान हळूहळू मागे वळली. "कोण आहे तिथं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. नवव्या बाकाकडून उत्तर म्हणून फक्त श्वास आला. ते उठले. "मला एका गिऱ्हाइकाकडे जायचंय," म्हणाले. दारातून परत वळून त्यांनी विचारलं, "तुमचा हप्ता भरलेला आहे ना?" कुंडी न्यायला ते आले नाहीत. आजतागायत आलेले नाहीत.

शुक्रवारी मी एकटाच. स्थान : बाक क्र. ६.

त्या संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसलो. काय पाहिलं ते स्वच्छ होतं. गाणी लावली, बंद केली, की चर्चमध्ये काहीतरी जागं होतं आणि रोज पुढे सरकतं. हे लिहिलं की बेबीचा ऑर्गन गेला. न लिहावं, तर सव्वीस वर्षांत मी एक ग्रॅमही इकडचा तिकडे केलेला नाही. एका किराणा दुकानदारानं मला मुलीच्या लग्नाची शपथ घातली होती, तरी त्याच्या वजनाला मी खोटं ठरवलंच होतं. पेनचं टोपण काढून मी पाऊण तास तसाच बसलो. मग लिहिलं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, ते बाहीनं पुसलं, अक्षर बिघडू दिलं नाही.

बायकोनं मागून वाचलं. "स्वतःच्या पोरीवर?" ती म्हणाली, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायची बंद झाली. मग बेबीनं कागद उचलला. वाचता वाचता तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, तुम्हालाही ऐकू येतं?"

"ऐकलं म्हणूनच लिहिलं," मी जरा ताठ्यानं म्हणालो. तिनं कागद होता तिथं ठेवला आणि आत निघून गेली.

शनिवारी अकरा वाजता कमिटी चर्चमध्ये जमली. मी सांगतो त्यावर विश्वास बसेना, म्हणून प्रात्यक्षिक ठरलं. घड्याळजी, पाळकसाहेब आणि इतर चार जण उजवीकडे पहिल्या बाकावर खेटून बसले. बेबी ऑर्गनपाशी उभी होती. मी चौथं गाणं लावलं. घड्याळजींनी कानांवर हात ठेवले, पाळकसाहेबांनी डोळे मिटले. गाणं संपलं. मी बंद केलं.

डावीकडे, तिसऱ्या बाकावर, गुणगुण सुरू झाली.

कोणी हललं नाही. मधला श्वास आला तेव्हा सहा जण एकदम एकमेकांकडे सरकले आणि टोकाचा माणूस बाकावरून खाली पडला. "सिद्ध झालं," घड्याळजी अगदी बारीक आवाजात म्हणाले. "या संगीतानंच आणलंय हे. आजपासून ही मुलगी ऑर्गनला हात लावणार नाही. चिटणीस, लिहा."

मी वही उघडली.

"बाबा," बेबी म्हणाली, "दुकानात तराजू तपासताना तुम्ही सगळ्यात आधी काय करता?"

"हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो. "पारडी रिकामी करून काटा शून्यावर येतो का ते बघतो."

"इथला बघितलात?"

माझ्या हातातलं पेन थांबलं. तिन्ही दिवस मी आत शिरल्या शिरल्या, बुटांच्या आवाजाला भिऊन, गाणी लावली होती. काही न लावता हे चर्च एक मिनिटही ऐकलं नव्हतं. नव्या शिपायालासुद्धा पहिल्या दिवशी शिकवतात ते मी केलं नव्हतं. आयुष्यात माझी एवढी नाचक्की झालेली नाही, आणि तीसुद्धा पंच कमिटीसमोर.

"सगळे बाहेर या," बेबी म्हणाली. आम्ही आलो. आधीच्या गाण्याचा अंमल उरू नये म्हणून एक तास आम्ही आवारात उन्हात उभे राहिलो. मग तिनं आम्हाला परत आत नेलं. स्पीकर बाहेरच ठेवला. "आता कोणी काही बोलू नका."

मनोऱ्यातलं घड्याळ चालू होतं. दोन मिनिटं गेली असतील. मग आपापलं काम करत बसलेल्या माणसासारखी, निवांत, गुणगुण सुरू झाली. या वेळी दुसऱ्या बाकावर. बेबीनं खिशातून मोबाईल काढला आणि चौथं गाणं लावलं. त्या छोट्याशा यंत्रातून तो खड्ड्यातला माणूस ओरडू लागला, आणि गुणगुण मागे मागे जात, सातव्या, नवव्या, अकराव्या बाकापर्यंत जाऊन, बंद झाली. बेबीनं गाणं थांबवलं.

गुणगुण पुन्हा आली.

"लाव," घड्याळजी म्हणाले. "लाव ना, बाळा! लवकर लाव!"

बाहेर आल्यावर कोणी कोणाकडे बघेना. मग पाळकसाहेब खाकरले. "मी उपदेशाची तयारी घरी करतो," ते म्हणाले. "इथं खोली असून. तुम्हाला कधी नवल वाटलं नाही?" घड्याळजींनी रुमालानं मान पुसली. मनोऱ्यात चावी द्यायला जाताना ते छोटा रेडिओ नेतात. तो घड्याळाची वेळ जुळवायला नेतात असं आम्ही समजत होतो. चर्चची झाडलोट करणारा मुद्दाम बादल्या आपटत झाडतो, हेही निघालं. सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच ऐकू येतंय, आणि देवाच्या घराबद्दल असं बोलायचं कसं.

"म्हणून तू हे ऐकतेस?" मी बेबीला विचारलं.

"सराव संपला की ऑर्गन बंद करावाच लागतो," ती म्हणाली. "मग दारापर्यंत चालत जायचं असतं. इतर गाणी लावून बघितली. मऊ असतात. त्यांच्यातून ऐकू येतं."

"सात वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं," बेबी म्हणाली. "पहिल्याच बुधवारी. तुम्ही म्हणालात, देवाच्या घरात कसली आलीय भीती."

मी तसं म्हणालो होतो. आठवलं. माझ्यासमोर एका दुकानदाराची फाईल होती आणि मी मानही वर केली नव्हती.

वहीत ठराव असा आहे : 'ख्रिस्ती व्यक्तीने हेवी मेटल ऐकावे की नाही याबाबत कमिटी मत राखून ठेवत आहे. ऑर्गनवादक पूर्ववत. मनोऱ्यासाठी चौथ्या गाण्याची एक प्रत अध्यक्षांना द्यावी.' सूचक घड्याळजी. विरोधात कोणी नाही.

पुढच्या बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बेबीबरोबर गेलो. ऑर्गनच्या बाकड्यावर तिच्याशेजारी बसलो आणि तास दीड तास पानं उलटली, बहुतेक चुकीच्या वेळी. तिनं शेवटचं गीत वाजवलं, झाकण लावलं. मी म्हणालो, "चल. लाव तुझं ते."

"मोबाईल घरी ठेवलाय," ती म्हणाली. "तुम्ही आहात ना."

मी उठलो, तिचा हात धरला. तिचा हात गार होता, माझा ओला. आम्ही दाराकडे चार पावलं टाकली असतील, आणि ते सुरू झालं. बाकांवर नव्हतं. आमच्या पाठीमागे होतं, आत्ताच आम्ही उठलो त्या ऑर्गनच्या बाकड्यावर. झाकण उघडल्याचा आवाज आला. श्वास आला. माझ्या पायांना एकट्यानं पळायचं होतं हे मी कबूल करतो. बेबीचा हात माझ्या हातात नसता तर ते गेलेही असते.

मी घसा साफ केला. उपासनेत माझा आवाज इतका बेसूर लागतो की घड्याळजींनी मला नुसते ओठ हलवायची विनंती केलेली आहे. पण चौथं गाणं तीन दिवसांत मला तोंडपाठ झालं होतं. मी छाती भरून श्वास घेतला आणि त्या खड्ड्यातल्या माणसाची पहिली ओळ, पोटातून, भर दुपारी, भर चर्चमध्ये, जिवाच्या आकांतानं ओरडलो.

बेबी दचकून थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग खो खो हसायला लागली. हसता हसता तिनं दुसरी ओळ उचलली. अकराव्या बाकापर्यंत आम्ही तसेच ओरडत गेलो. दार लागल्यावरही मी थांबलो नाही. तिनं मला दोनदा सांगितलं, बाबा, आता पुरे, आपण बाहेर आलोय.